घरापुढे लावायला छोटा मेपल : कोणता, कुठे, कसा?

शेवंती_एनजे | २ सप्टेंबर

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. बिल्डरने दारात लावलेलं ब्रॅडफर्ड पेअर (शोभेच्या नाशपातीचं झाड) जुलैच्या वादळात मधोमध चिरलं आणि अर्धं हिरवळीवर आडवं झालं. उरलेलं कापून, बुंधा दळून घेतला. आता दिवाणखान्याच्या खिडकीतून थेट समोरच्यांचं गॅरेज दिसतं.

तिथे छोटासा, लाल पानांचा जपानी मेपल लावावा असं मनात आहे. घराची भिंत आणि पायवाट यांच्यात साधारण १२ फूट जागा आहे. घर पश्चिमाभिमुख, दुपारनंतर कडक ऊन. माती चिकण, पाऊस पडला की बुटांना अर्धा किलो चिकटते. नर्सरीत गेले तर पन्नासेक नावं होती, सगळीच झाडं सुंदर आणि किमती शंभर डॉलरपासून थेट हजाराच्या पुढे. तिथल्या माणसाने "स्वस्तात हवा तर अमूर मेपल घ्या" असंही सुचवलं.

सासूबाई सध्या इथे आहेत. त्यांचं म्हणणं, दारात मोठं झाड नको, मुळं घराखाली शिरतात. त्यात तथ्य आहे का? जाणकारांनी प्लीज लिहा.

खुरपं | २ सप्टेंबर

सासूबाईंचं म्हणणं सिल्व्हर मेपल किंवा नॉर्वे मेपलच्या बाबतीत अगदी योग्य आहे. जपानी मेपलची मुळं मात्र बारीक, तंतुमय आणि वरच्या थरात पसरणारी असतात. पाया फोडण्याची त्यांची ताकद नाही. काळजी फांद्यांची करा. भिंतीला टेकल्या की सायडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) घासतं, रंगारी येतो आणि वाट्टेल तशी छाटणी करून जातो.

म्हणून आधी टेप घेऊन बाहेर जा, नाव नंतर ठरवू. लाल म्हटलं की सगळे 'ब्लडगुड' देतात. झाड उत्तम, काटक, पण ते १५ ते २० फूट उंच होतं आणि जवळजवळ तेवढंच पसरतं. तुमच्या १२ फुटांत ते दहा-पंधरा वर्षांत पायवाटेवर येईल. 'क्रिमझन क्वीन' किंवा 'तामुकेयामा' हे झिरमिळ्या पानांचे, खाली झुकणारे. नर्सरीत कमरेएवढे दिसतात म्हणून लोक खिडकीखाली लावतात. उंची आठ-दहा फुटांवर थांबते हे खरं, पण रुंदी बारा फुटांपर्यंत जाते. सावकाश जाते इतकंच.

अरुंद जागेत लालच हवा असेल तर 'ट्वॉम्ब्लीज रेड सेंटिनेल' बघा. ब्लडगुडवर आलेल्या एका वेगळ्या फांदीपासून केलेला हा वाण. सरळ उभा वाढतो, १५ फुटांच्या आसपास उंची आणि रुंदी त्याच्या निम्मी. हिरवा चालणार असेल तर 'शिशिगाशिरा'. गच्च, कुरळी पानं, संथ वाढ, आणि ऊन सोसण्यात तो पुष्कळ लाल भावंडांपेक्षा सरस आहे.

अमूर मेपल घेऊ नका. त्याचं बी वाऱ्याने पसरून रानात घुसतं, उत्तरेकडच्या काही राज्यांत तो उपद्रवी झाडांत मोडतो.

पारिजातक७ | ३ सप्टेंबर

मस्त माहिती. वाचतेय.

गॅरेजवाला_नाना | ३ सप्टेंबर

पश्चिमेच्या उन्हाचा उगाच बाऊ करतात. आमचा ब्लडगुड दिवसभर उन्हात आहे आणि ठणठणीत आहे. सावलीत लावलात तर लाल रंग उतरतो आणि मळकट हिरवा मेपल बघत बसावं लागतं.

खुरपं | ३ सप्टेंबर

नाना, रंगाचं अगदी बरोबर. लाल पानांतलं अँथोसायनिन, म्हणजे लाल रंगद्रव्य, उन्हावर पोसतं, गर्द सावलीत ते कमी होतं आणि हरितद्रव्य वरचढ ठरतं. लाल वाणांना चार-पाच तास ऊन हवंच.

पण शेवंतीताईंचं ऊन दुपारचं आहे. मागे तापलेली भिंत, पुढे काँक्रीटची पायवाट, वरून वारा. पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ते पोचवू शकली नाहीत की कडा करपतात. लोकांना वाटतं रोग लागला, आणि ते फवारणीची बाटली आणतात. जुनं झाड हे सोसून जातं, त्याची मुळं लांबवर पसरलेली असतात. नवीन झाडाचा मुळांचा गड्डा कुंडीएवढाच असतो, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं अवघड. तुमच्या झाडाचं वय काय?

गॅरेजवाला_नाना | ३ सप्टेंबर

घर घेतलं तेव्हापासून आहे. आधीच्या मालकाने लावलेलं. 😀

सालपापुद्रा | ४ सप्टेंबर

सगळे जपानी मेपलवरच का अडकलेत? माझं मत पेपरबार्क मेपलला, म्हणजे एसर ग्रिझियमला. दालचिनीच्या रंगाची साल पातळ कागदासारखी सुटते, गुंडाळ्या होऊन खोडावर राहते आणि मागून सूर्य आला की झळकते. जपानी मेपल नोव्हेंबरात पानं टाकून मोकळा होतो. इथे डिसेंबर ते मार्च हा वर्षाचा तिसरा हिस्सा खिडकीतून नुसती काटकी बघायची का?

मूळचा मध्य चीनचा. वनस्पती गोळा करणाऱ्या अर्नेस्ट विल्सनने १९०१ साली इंग्लंडच्या व्हीच नर्सरीसाठी त्याचं बी आणलं. महाग मिळतो, कारण बरंचसं बी पोकळ निघतं आणि जे भरलेलं असतं ते उगवायलाही सहसा दोन वर्षं घेतं. वाढ संथ, पण शेवटी वीस-पंचवीस फूट होतो. त्यामुळे तुमच्या पुढच्या पट्टीत नको, मागच्या अंगणात मोकळ्यावर लावा. माती चिकण असली तरी निचरा होत असेल तर तक्रार करत नाही.

सालीसाठीच हवा असेल आणि जागा मिळत असेल तर जपान्यांतला 'सांगो-काकू' पण आहे, थंडीत कोवळ्या फांद्या पोवळ्याच्या रंगाच्या होतात. जुन्या फांद्यांवर तो रंग राहत नाही हे कुणी सांगत नाही.

गोठलेला_बाबुराव | ४ सप्टेंबर

तुम्ही न्यू जर्सीवाले नशीबवान. आम्ही मिनेसोटात. इथे जपानी मेपल जमिनीत लावणं म्हणजे जुगार. कुंडीत ठेवून थंडीत न तापवलेल्या गॅरेजमध्ये ढकलणारे आहेत. उघड्यावर कुंडी ठेवली तर झाड जातं, कारण फांद्यांपेक्षा मुळं थंडीला जास्त नाजूक असतात आणि कुंडीतल्या मुळांना चहूबाजूंनी गारठा लागतो.

उत्तरेकडे राहणारे कुणी वाचत असतील तर कोरियन मेपल बघा, एसर स्यूडोसीबोल्डियानम. पान जपान्यासारखंच, शरदात केशरी-लाल, आणि झोन ४ पर्यंत (अमेरिकेच्या थंडीच्या नकाशावरचा बराच थंड पट्टा) टिकतो. ओरेगनच्या एका नर्सरीने याचे आणि जपानी मेपलचे संकर केले आहेत, 'नॉर्थ विंड' त्यातलाच. तीन फुलांचा मेपल, एसर ट्रायफ्लोरम, हाही थंडीत चांगला, सालही देखणी.

अमूरबद्दल खुरपं यांना अनुमोदन. आमच्याकडे त्याच्या विक्रीवर नियम आहेत.

शेवंती_एनजे | ५ सप्टेंबर

बापरे, किती माहिती! सगळ्यांचे आभार. एक मोजमाप केलं : दर्शनी बाजूला उत्तरेच्या कोपऱ्यात, गॅरेजच्या आडोशाला, एक जागा आहे. तिथे दुपारी तीननंतर शेजाऱ्यांच्या ओकची सावली येते. रेड सेंटिनेल तिथे चालेल?

आणि पेपरबार्क मागे लावायचा मोह झाला आहे. मागे माझा भाजीचा वाफा होता, वांगी-टोमॅटोचा. सहा-सात वर्षं खतं घालून माती अगदी लोण्यासारखी केली आहे. यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे तो बंद करतेय. तीच जागा देऊ का?

खुरपं | ५ सप्टेंबर

कोपरा उत्तम. भाजीचा वाफा अजिबात नको!

वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची या सगळ्यांना व्हर्टिसिलियम नावाची मातीतली बुरशी लागते, आणि मेपल तिचं आवडतं गिऱ्हाईक आहे. भाजीत ती फारशी कळतही नाही. खालची पानं पिवळी पडली, झाड जरा लवकर वाळलं, एवढंच. पण बुरशीचे सूक्ष्म गोळे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मेपलच्या मुळांतून ती पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरते आणि भर उन्हाळ्यात एखादी फांदी एकाएकी कोमेजते. पुढच्या वर्षी दुसरी. वाळलेली फांदी तिरपी कापून बघितली तर लाकडात हिरवट-तपकिरी रेघा दिसतात. औषध नाही. झाड जोमात असेल तर काही वेळा बुरशीला कोंडून घालून तगतं, नाहीतर जातं. आणि मेलं की त्याच खड्ड्यात परत मेपल लावता येत नाही.

तुमच्या वाफ्यात ती असेलच असं नाही. पण आपल्या देशी लोकांच्या अंगणात वांगं-टोमॅटो-मिरची हे त्रिकूट एकाच जागी वर्षानुवर्षं फिरत असतं, म्हणून मी तरी ती जोखीम घेणार नाही. तिथे मॅग्नोलिया नको, रेडबडही नको, त्यांनाही ती लागते. सफरचंद, ओक किंवा कुठलंही सूचिपर्णी चालेल. पेपरबार्क वाफ्यापासून लांब, जिथे फक्त हिरवळ होती तिथे लावा.

पारिजातक७ | ५ सप्टेंबर

हे माहीतच नव्हतं! आमच्याकडे वाफ्याच्या कडेलाच मेपल आहे. 😟

खुरपं | ५ सप्टेंबर

आहे तो राहू द्या, घाबरून उपटू नका. वाफ्यात मक्यासारखं काहीतरी घ्या, आणि कुदळ मेपलच्या मुळांजवळ चालवू नका. बुरशी जखमी मुळातून सहज शिरते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री अल्कोहोलने पुसा.

मुळशीकर | ६ सप्टेंबर

पुण्यात मेपल येईल का? ऑनलाइन 'निळा मेपल', 'जांभळा मेपल' अशी बियांची पाकिटं दिसतात. काश्मीरला गेलो होतो तेव्हा तिथले मेपल पाहून वेड लागलं होतं.

सालपापुद्रा | ६ सप्टेंबर

निळा मेपल अस्तित्वातच नाही. ते फोटो रंगवलेले असतात, पैसे घालवू नका.

काश्मीरला पाहिलेत ते बहुधा चिनार, आणि चिनार मेपल नव्हे. पानाचा आकार फसवतो. ओळखायची खूण सोपी आहे : मेपलची पानं फांदीवर समोरासमोर जोडीने येतात, चिनारची आळीपाळीने. मेपलचं फळ म्हणजे दोन पंखांची भिरभिरी, चिनारला लोंबते काटेरी गोळे. हिमालयात अस्सल मेपलच्या कितीतरी जाती आहेत, पण उंचावर.

पुण्यात जपानी मेपलला दोन अडचणी. पानगळीनंतर त्याला काही आठवडे खरी थंडी लागते, ती मिळाली नाही तर वसंतात डोळे नीट फुटत नाहीत. आणि एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा त्याची पातळ पानं जाळून टाकतो. लाल पालवीचीच हौस असेल तर कुसुम लावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सह्याद्रीत नवी पालवी फुटते तेव्हा तो अख्खा लाल होतो. झाड मोठं होतं, म्हणून बंगल्याच्या दारात नको, शेतावर जागा असेल तर बघा.

मुळशीकर | ६ सप्टेंबर

कुसुम आमच्या बांधावर आहेच की! त्याच्याकडे कधी या नजरेने बघितलं नव्हतं. धन्यवाद.

थेम्सकाठ | ८ सप्टेंबर

इंग्लंडमधून. आमच्याकडे उन्हापेक्षा वारा वैरी. समुद्राकडून किंवा पूर्वेकडून कोरडा वारा आला की मे महिन्यात कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होतात. जपानी मेपल भिंतीच्या किंवा मोठ्या झाडांच्या आडोशालाच लावतात. चुनखडीच्या मातीत आणि वाऱ्यावर लावायचा असेल तर इथला देशी फील्ड मेपल बरा. कुंपणासाठी छाटून छोटा ठेवता येतो, शरदात लोणी-पिवळा.

वाण प्रत्यक्ष बघून निवडायचे असतील तर ग्लॉस्टरशरमधलं वेस्टनबर्ट. १८२९ साली सुरू झालेला वृक्षसंग्रह, जपानी मेपलसाठी प्रसिद्ध. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत जा, शनिवार-रविवार टाळून. 'ओसाकाझुकी' उन्हाळाभर साधा हिरवा असतो, तिकडे कुणी बघतही नाही. शरदात त्याच्याइतका लालभडक दुसरा मी पाहिलेला नाही. सदासर्वकाळ लाल असणाऱ्या वाणांपेक्षा मला असे हिरवे जास्त भावतात. बारा महिने लाल असलेलं झाड शरदात नवीन काय करणार?

शेवंती_एनजे | ८ सप्टेंबर

शेवटचं वाक्य वाचून परत गोंधळले! 😀

बरं, खड्डा कसा घ्यायचा? नर्सरीवाला म्हणतो की चिकणमाती सगळी काढून खड्ड्यात विकतची काळी माती भरायची.

खुरपं | ९ सप्टेंबर

खणण्याआधी ८११ला फोन करा. फुकट येऊन गॅस-वीज-केबलच्या खुणा करून जातात. दर्शनी बाजूला हे सगळं असतंच.

मग निचरा बघा. फूटभर खोल खड्डा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर ती जागा मेपलला नको, किंवा उंचवटा करून लावा. मेपल उन्हाने जितके मरत नाहीत तितके चिकणमातीत बुडून मरतात.

चिकणमातीत खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत माती भरली की तिथे पाण्याचं टाकं तयार होतं. आजूबाजूची माती पाणी शोषत नाही, तुमच्या मऊ मातीत ते साठतं, मुळंही त्या सुखातून बाहेर पडायला तयार नसतात. म्हणून काढलेली माती ढेकळं फोडून तीच परत भरायची. कंपोस्ट घालायचं तर वरून, पसरून.

खड्डा गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्यापेक्षा कणभर कमी. झाड कुंडीतून काढल्यावर वरची माती बोटांनी बाजूला करत खोड जिथे पसरून मुळं सुरू होतात ती जागा शोधा. नर्सरीत ती बऱ्याचदा दोन-तीन इंच मातीखाली गाडलेली असते. ती जमिनीच्या वर दिसली पाहिजे, चिकणमातीत तर दोन इंच वरच ठेवा. गोल गोल फिरलेली मुळं कापा किंवा उकलून बाहेर वळवा, दया दाखवू नका. आज सोडलेलं वेटोळं वीस वर्षांनी खोडाचा गळा आवळतं.

वर दोन-तीन इंच लाकडी चुऱ्याचं आच्छादन, खोडापासून चार बोटं लांब. इथले बागकामवाले खोडाभोवती शंकूसारखा ढीग करतात तसा करू देऊ नका. साल कुजते आणि उंदरांना आयतं घर मिळतं.

हो, आणि पेअरचा बुंधा जिथे दळला तिथे लावणार नव्हतात ना? तो भुसा कुजताना मातीतला नायट्रोजन ओढतो आणि जमीन खचते. कोपरा निवडलात ते बरं झालं.

टेक्सासचा_ताप | १० सप्टेंबर

डॅलसमधून एक पुरवणी. आमची माती अल्कधर्मी, उन्हाळा विचारू नका. जपानी मेपल इथे मोठ्या ओकखाली, फक्त सकाळच्या उन्हात, नियमित पाण्यावर जगतो, आणि तरी ऑगस्टमध्ये कडा जळतातच. ते चालवून घ्यायचं. उघड्यावर लावायचा तर शांटुंग मेपल, एसर ट्रंकेटम. उन्हाला खमका, वीस-पंचवीस फुटांचा, शरदात केशरी ते लाल. त्रिशूळ मेपल पण दक्षिणेत चांगला. बोनसायवाल्यांचा लाडका असला तरी जमिनीत बराच वाढतो, "छोटा" म्हणून विकला तरी विश्वास ठेवू नका.

शेवंती_एनजे | ४ ऑक्टोबर

अपडेट : रेड सेंटिनेल लावला! हजाराचा नाही, साडेतीन फुटांचा छोटाच घेतला. निचऱ्याचा खड्डा सकाळपर्यंत रिकामा झाला होता. एचओएची (वस्तीतल्या घरमालक संघाची) परवानगी मिळायला रोप आणण्यापेक्षा जास्त वेळ गेला. सासूबाईंनी जाण्याआधी पहिलं पाणी घातलं आणि पाया सुरक्षित असल्याचं जाहीर केलं.

आता प्रश्न : पाणी किती? थंडीत गुंडाळायचं का? बुडाजवळ एक हिरव्या पानांची फांदी आली आहे, तीही जोम धरून. ठेवू का?

खुरपं | ४ ऑक्टोबर

छोटा घेतलात हे छान. लहान रोप लवकर रुजतं, मोठं झाड धक्क्यातून सावरेपर्यंत ते त्याला गाठतं.

ती हिरवी फांदी आजच काढा. विकत मिळणारे जवळजवळ सगळे वाण साध्या हिरव्या जपानी मेपलच्या खुंटावर कलम केलेले असतात. कलमाच्या सांध्याखालून फुटलेला फुटवा हा खुंटाचा. तो कलमापेक्षा जोमदार असतो, ठेवलात तर काही वर्षांत तुमचा सेंटिनेल हिरवा होऊन बसेल. जिथून निघालाय तिथूनच काढा, ठूठ ठेवू नका. बाकी छाटणी या वर्षी काही नाही. पुढेही फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका, मेपल तेव्हा रस गाळतो. भर उन्हाळ्यात हलकी छाटणी करा.

जमीन गोठेपर्यंत पाणी सुरू ठेवा. दोन इंच खोल बोट घालायचं, कोरडं लागलं तर मुळाशी सावकाश भरपूर पाणी, ओलं लागलं तर परत घरात. गुंडाळायची गरज नाही. पण खोडाभोवती बारीक तारेच्या जाळीचा दोन-अडीच फूट उंच पिंजरा करा. जानेवारीत बर्फावर खाण्यासारखं काही उरलं नाही की ससे साल कुरतडतात, आणि पूर्ण वेढा कुरतडला तर झाड संपलं.

गॅरेजवाला_नाना | ५ ऑक्टोबर

एप्रिल-मेमध्ये उशिरा पडणाऱ्या गोठत्या दहिवराचंही सांगा. २०२०मध्ये ९ मेला इथे बर्फाचे कण उडाले होते, गल्लीतल्या सगळ्या मेपलची पालवी काळी पडली.

खुरपं | ५ ऑक्टोबर

बरोबर. पालवी फुटल्यावर शून्याखालचा अंदाज आला तर रात्री जुनी सुती चादर टाका, सकाळी काढा. प्लास्टिक नको, जिथे पानाला टेकतं तिथे जाळतं. आणि पालवी गेलीच तर घाई करून फांद्या कापू नका, बहुतेक झाडं महिनाभरात दुसरी पालवी काढतात.

गोठलेला_बाबुराव | ५ ऑक्टोबर

शेवंतीताई, हिरवळीला खत घालायला कुणी माणूस येतो का? त्याला आत्ताच सांगून ठेवा. तण मारणारं औषध मिसळलेली जी खतं असतात त्यांत बऱ्याचदा डायकांबा असतं. ते पावसाबरोबर मातीत उतरून झाडाच्या मुळांतून वर चढतं आणि वसंतात मेपलची पानं वेडीवाकडी, चमच्यासारखी वळतात. झाडापासून निदान सहा-आठ फूट लांब राहायला सांगा, पुढे फांद्या पसरतील तसं अंतर वाढवा.

शेवंती_एनजे | ५ ऑक्टोबर

येतो ना, दर एप्रिलला. फोन करतेच आज.